आधी देणाऱ्याने प्यायचं

सोमवार, ४ नोव्हेंबर १७७१

आज जहाजावर आलो! येताना होडीत तीन लाटा अंगावर घेतल्या, पण डोक्यावरची टोपी भिजू दिली नाही. होडीवाला अट्टा म्हणाला, "एकोभाऊ, माणूस बुडाला तरी चालेल, टोपी तरंगली पाहिजे." हसू दे त्याला. अख्ख्या अनोमाबूत अशी रुंद काठाची टोपी गोऱ्यांच्या किल्ल्यातले कारकून सोडले तर फक्त माझ्याकडे आहे.

कप्तान हॅलम स्वतः शिडीपाशी आला आणि सगळ्यांदेखत माझा हात हातात घेऊन हलवला. मला त्याच्या खोलीशेजारीच जागा दिली आहे: निजायला फळी, टोपीला खुंटी, बाहेर बघायला टोपलीएवढी खिडकी. दाराऐवजी पडदा आहे. जेवायला खारं मांस आणि पाव. तो पाव दाताने तुटेना म्हणून मी टेबलावर आपटला, तर त्यातून दोन किडे बाहेर आले आणि चालायला लागले. कप्तान पोट धरून हसला. जिला मागणी घालायची आहे त्या अराबाने आंबवलेल्या मक्याचे सहा गोळे पानात बांधून दिलेत, ते पुरवून खाईन.

काम सोपं आहे. जहाजाच्या पोटात सव्वाशे माणसं आहेत, सगळी आतल्या मुलखातली, असांते राजाच्या लढायांत धरलेली. आमच्या गावचं त्यांत कोणी नाही, मी आधीच चौकशी केली. गेल्या साली याच किनाऱ्यावर अशा लोकांनी एक जहाज ताब्यात घेतलं होतं, त्याची कप्तानाला धास्ती आहे. म्हणून त्यांना आमच्या खाजणाच्या देवाची शपथ पाजायची. ती मोडली की पोट फुगून माणूस मरतो, हे किनाऱ्यापासून पार रानापर्यंत कोणाला सांगावं लागत नाही. त्या देवाचे पुजारी म्हणजे माझे न्यारको मामा. मी त्यांच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे त्यांच्यामागे देव्हारा माझाच.

कप्तान आधी मामांकडेच गेला होता. मामांनी त्याला दारातही उभं केलं नाही. म्हणाले, "देव जमिनीचा आहे. पाण्यावर नेलास तर परत कोण आणणार?" मामांचं सगळं असंच. मग ते मयताला मान्केसिमला गेले आणि मी खाजणातली ओंजळभर माती फडक्यात बांधली. आल्यावर ओरडतील, मग शांत होतील. अक्राला जहाज थांबेल तिथे मी उतरायचं, तीन दिवसांची पायवाट तुडवून घरी. येताना अंगात पितळी बटणांचा निळा कोट असेल, कप्तानाने शब्द दिलाय. तो कोट बघून अराबाचा बाप मला बसायला चौरंग देतो की नाही ते बघतो!

मंगळवार, ५ नोव्हेंबर

मंगळवार म्हणजे समुद्राचा स्वतःचा दिवस, एकही होडी पाण्यात नाही. गोऱ्या खलाशांना हे कळत नाही, ते मासे का आले नाहीत म्हणून आमच्या लोकांना आळशी म्हणत होते. दुपारी टोपी घालून डेकवर दोन फेऱ्या मारल्या. मधल्या भोकावर लाकडी जाळी आहे, तिच्यातून वास येतो. आधी नाकाला फडकं लावावंसं वाटलं, मग सवय झाली.

किल्ल्याच्या शाळेतल्या पाद्रीबाबांनी ही वही आणि शिसपेन्सिल दिली होती. रोज लिही म्हणजे अक्षर सुधारेल, असं म्हणाले होते. अक्षर चांगलंच आहे माझं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

शपथ झाली. सकाळी सगळ्यांना डेकवर आणून बसवलं. एका वाडग्यात पाणी, चार बोटं दारू, चिमूटभर काडतुसाची पूड आणि खाजणाची माती. काय वदवायचं ते कप्तानाने आधीच सांगितलं होतं, मी ते आमच्या भाषेत बसवलं, आणि खोटं कशाला बोलू, झकास बसलं. या जहाजावर माझा हात उठणार नाही. या जहाजाविरुद्ध माझी जीभ उठणार नाही. माझे पाय कठड्यापलीकडे जाणार नाहीत. माझं तोंड अन्नाला मिटणार नाही. मोडलं तर देवाने पोटात शिरून मला आतून खावं.

पहिलं कोणी पुढे येईना. पुढच्या रांगेत सेरवा नावाची बाई बसली होती, चाळिशीची, आतल्या मुलखात कुठेतरी मडकी घडवायची. ती मोठ्याने म्हणाली, "टोपीवाल्या, देणाऱ्याने आधी प्यायचं असतं. का तुमच्या किनाऱ्यावर रीत बुडाली?" लोक हसले. बेड्यांतली माणसं हसतात हे मला नवीन होतं. रीत तिचीच खरी होती. मी टोपी काढली, स्वतःचं नाव घेऊन चारही वाक्यं म्हटली आणि प्यायलो. माती दातांत कचकचली. मग मात्र रांग लागली.

एकाने चुलीवरच्या तांब्याच्या मोठ्या हंड्याकडे बोट करून विचारलं की आम्हाला त्यात शिजवणार का. मी म्हटलं, "अरे, त्यात वाल शिजतात. तुम्हाला कोण खातंय, नुसती हाडं!" तो हसला नाही.

शेवटी डुआ आला. हा लोहार आहे, मान बैलासारखी. वाडगं हातात धरून म्हणाला, "पुजाऱ्याच्या भाच्या, पाजतोयस ते ठीक. सोडवणार कोण?" मी म्हणालो, जमिनीवर उतरलात की सुटलात. हे खोटं होतं. सुटका फक्त खाजणाशीच होते, माती परत टाकून, मेंढा देऊन, पुजाऱ्याच्या तोंडून. पण ऊन चढलं होतं आणि मला भूक लागली होती. तो प्यायला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

काल नांगर उचलला. गाव मागे पडलं, तेव्हा छाती उगीच भरून आली. आठ दिवसांसाठी चाललेल्याने एवढं काय ते!

शपथेचा गुण बघण्यासारखा आहे. बायकांच्या बेड्या काढल्या, पुरुषांच्या अर्ध्या. जे दोघं खात नव्हते त्यांतला एक खायला लागला. कप्तानाने मला टेबलावर आपल्या उजव्या हाताला बसवलं आणि विचारलं की ही शपथ किती दिवस टिकते. दोन पेले पोटात होते. मी म्हणालो, "पाजणारा त्यांच्यात आहे, त्यांच्याच मिठाचं खातोय, तोवर टिकते. पाजणारा गेला की देवही त्याच्यामागोमाग घरी जातो."

हे मामांनी कधी सांगितलेलं नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण मी म्हणजे कोण हे त्याला कळायला नको? कप्तानाने मान डोलावली आणि ते आपल्या वहीत टिपून घेतलं.

रविवार, १० नोव्हेंबर

न खाणारा दुसरा आज वारला. म्हातारा होता. शपथ घेऊनही त्याने गेले चार दिवस तोंड उघडलं नव्हतं. सकाळी वर आणला तेव्हा पोट ढोलासारखं ताणलेलं, कातडी चकचकीत. बोट लावलं तर खड्डा पडे आणि तसाच राही. दुपारी गेला. खलाशांनी त्याला हातापायांना धरून पाण्यात टाकलं. त्याचं नाव विचारायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही.

सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, कप्तानाकडे नाही. सेरवा म्हणाली, "तुझा देव पाण्यावरही चालतो म्हणायचं."

पाद्रीबाबांनी सात वर्षं शिकवलं की आमचे देव म्हणजे माती आणि दगड. मला ते पटल्यासारखं होतं. आज जेवताना पोट चाचपून पाहिलं. ठीक आहे.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

अक्रा! खिडकीतून किल्ल्याच्या भिंती दिसतायत, त्याच्या मागे ताडाची झाडं. आज मंगळवार, इथेही होड्या निघत नाहीत. कप्तान म्हणाला, उद्या. गाठोडं बांधून ठेवलं. उरलेली माती फडक्यात आहे, ती मामांना परत देईन आणि पाय धरीन. त्यांनी थोबाडीत मारली तरी चालेल.

कोटाची आठवण केली. कप्तान म्हणाला, तोही उद्या.

बुधवार, १३ नोव्हेंबर

सकाळपासून होड्यांची ये-जा. पाणी आलं, कोनफळं आली, आणखी अकरा माणसं आली, त्यांनाही वाडगं पाजलं. मी गाठोडं घेऊन शिडीशी उभा. कप्तान म्हणाला, शेवटच्या होडीतून जा, घाई काय. मग खाली भांडण लागलंय, जरा समजूत काढून ये, असा निरोप आला. खाली गेलो तर भांडण नव्हतं. वर यायला निघालो तर जाळी लावलेली. हाका मारल्या. जाळी उघडली तेव्हा नांगर वर आला होता आणि शेवटची होडी वीतभर दिसत होती.

मी ओरडलो. होडीतल्या माणसाला वाटलं मी निरोप घेतोय. त्याने हात हलवला.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज माझा जन्मवार. किनारा आता डाव्या हाताला दोऱ्यासारखा आहे.

कप्तानाशी बोललो. तो रागावला नाही, उलट गोड बोलला. आपली वही उघडून माझेच शब्द मला वाचून दाखवले: पाजणारा त्यांच्यात आहे, त्यांच्याच मिठाचं खातोय, तोवर. "तुम्हीच सांगितलंत," म्हणाला. मी म्हणालो की ते खरं नव्हतं, थट्टा होती. त्याने विचारलं की मग म्हातारा कशाने मेला.

म्हणतो की समुद्रापलीकडच्या बेटावर पोचलो की परतीच्या जहाजाने पाठवीन. खोली रिकामी करायला सांगितली. त्यांच्याच मिठाचं खायचं तर त्यांच्यातच राहायला हवं, म्हणे. टोपी खुंटीवरच राहिली. वही मात्र राहू दिली, त्याला तिची गंमत वाटते.

रविवार, १७ नोव्हेंबर

जाळीखाली चौकोनी ऊन पडतं, तिथे बसून लिहितो. मान वर करता येत नाही एवढी बुटकी जागा. कुशीवर निजायचं, एकाची पाठ दुसऱ्याच्या पोटाला. वास लिहिण्यासारखा नाही. पहिल्या दिवशी कोणी मला जागा देईना. सेरवा बायकांच्या बाजूच्या फळ्यांपलीकडून ओरडली, "सरका रे, जावई आलाय!" सगळे हसले, मग सरकले.

मी रडलो. लपवून काय करायचं. मी यांना मोजलंही नव्हतं माणसांत, आणि यांनी मला जागा दिली.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

डुआने फळीतून एक लांब खिळा उपसलाय. लोहार तो, बेडीची कडी त्याने मला दोन श्वासांत उघडून दाखवली आणि परत लावली. अर्धे खलाशी तापाने आडवे आहेत. जेवायला आम्हाला वर नेतात तेव्हा डेकवर सातच धडधाकट असतात, आणि बंदुकांच्या पेटीपाशी एकच. सगळं ठरलंय. वारा फिरायच्या आत जहाज वळवलं तर किनारा अजून सापडेल.

अडलंय ते फक्त एका वाडग्यावर. त्यांनी म्हातारा पाहिलाय. हात उगारला की पोट.

डुआ म्हणाला, "तूच बांधलंस. तूच सोड."

खरं सांगितलं त्यांना. खाजण, मेंढा, मामा. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, २० नोव्हेंबर

रात्रभर विचार केला. यांना सुटका नको, सुटल्याचा विश्वास हवा. तो मी देऊ शकतो. एवढं खोटं बोललो, एक आणखी. यांच्यासाठी. आणि माझ्यासाठी, घरासाठी.

सकाळी उरलेली माती काढली, प्रत्येकाच्या पोटावर बोट फिरवलं आणि म्हटलं की मामा गेले, देव्हारा आता माझा, मी सोडतो. आवाज कापला नाही. मामा जिवंत असतील तर क्षमा करोत.

मग फळ्यांपलीकडून सेरवा म्हणाली, "छान. मग तू आधी."

रीत तिचीच खरी. प्यायलो मी आधी, तर मोडायचंही मी आधी. उद्या जेवायच्या वेळी पेटीवरच्या खलाशाला मी धरायचं. तो लुकडा आहे, तापातून उठलेला. मी धरला की डुआ उठेल, डुआ उठला की सगळे.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

हात उठला नाही.

मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. तो नाक शिंकरत होता, पाठ माझ्याकडे. सगळी माणसं वाटी हातात धरून माझ्याकडे बघत होती. मी हाताला सांगितलं, ऊठ. खांद्यापासून खाली काही नव्हतं. दुखत नव्हतं, बधिरही नव्हतं. नुसता लटकत होता, माझा नसल्यासारखा. दुसऱ्याला सांगितलं. तोही.

खलाशी वळला, मला बाजूला ढकलून गेला.

डुआने खिळा कठड्यावरून पाण्यात टाकला. रागाने नाही. मग वाल खायला बसला.

रविवार, २४ नोव्हेंबर

कोणी बोलत नाही माझ्याशी. सेरवाही टोमणा मारत नाही. मार ना एक —

भीतीनेच हात गळाला असेल. पाद्रीबाबा असंच म्हणाले असते. भित्र्याचे हातपाय गळतात, त्यात देव कुठला? हे मी दिवसभर स्वतःला सांगतो. मग हात हलवून बघतो. हलतो. लिहितो. डोकं खाजवतो. सगळं करतो.

गुरुवार, २८ बहुधा

मरायचं ठरवलं. मी गेलो तर माझ्याच बोलण्याप्रमाणे देव माझ्यामागे जाईल आणि हे सुटतील. साधा हिशोब. कठड्यापर्यंत गेलो. पाय थांबले. खिळल्यासारखे. मागे वळलो तर चालले.

ठीक. मग खायचं नाही. त्या म्हाताऱ्याला जमलं —

वाटी आली. दात आवळून बसलो. हात उठला. तोच हात. खलाशावर उठला नाही तो, मी न सांगता उठला, वाल मुठीत घेतले आणि तोंडाकडे आला. तोंड उघडलं. मी नाही उघडलं. चावलं, गिळलं. मी आतून बघत होतो. वाटी पुसून खाल्ली.

शेजारचा माणूस सरकून बसला.

तारीख नाही माहीत

बेट. कप्तानाने सांगितलेलं ते नव्हे, वाटेतलं. डोंगर, पाऊस. पाणी भरतायत. इथे एक फुटकं जहाज अडकलंय. त्यातली बेड्यांतली माणसं आमच्यात घ्यायची. चाळीस. कप्तान खूश.

टोपी परत दिली. कोटही. पितळी बटणं. घालून उभं राहायला सांगितलं. कशासाठी ते कळलं.

दुसरा दिवस

ती माणसं वर आणलीत. जाळीतून ऐकू येतंय. आमची बोली. आतली रांगडी नाही, आमची, किनाऱ्याची. एक बाई कोणाला तरी दटावतेय, मंगळवारचं समुद्राकडे पाठ करून बसू नये म्हणून. माझी आई असंच —

वाडगं तयार आहे. फडक्यातली माती संपली होती. कप्तान म्हणाला, कुठलीही घाल.

मी त्यांना सांगणार आहे. वाक्यं म्हणायचीच नाहीत. ती बाई माझ्या तोंडाकडे बघेल, तेव्हा दोन शब्द, बस. मग मला मारोत. दोनच शब्द आहेत. आमच्या बोलीत, कप्तानाला कळणारही नाहीत —

सकाळपासून म्हणून बघतोय. एकटा. जीभ टाळ्याला चिकटते. दुसरं सगळं बोलते. अराबा म्हणते. मामा म्हणते. ती चार वाक्यं सुरेख म्हणते, न चुकता. हे दोन शब्द आले की —

बोलावतायत. शिडी उतरून कोणीतरी येतंय.

जीभ नाही तर नाही. कागद दाखवीन. त्यांच्यात एखाद्याला तरी वाचता येत असेल, किल्ल्याच्या शाळेतला एखादा. मोठ्या अक्षरात लिहितो. हात लिहितो अजून, हे काय, लिहितोच आहे. एवढंच लिहायचं. लिही. पिऊ न